कसं लागलं?

केसपेपरवर एक प्रश्न असतो, 'कसं लागलं?' कान-नाक-घशाच्या ओपीडीत आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाच्या आईने त्यापुढे 'खेळताना पडला' असं लिहून घेतलं होतं. मुलगा डाव्या कानावर हात ठेवून गप्प बसलेला. गुडघे, कोपरं स्वच्छ, कुठे साधं खरचटलेलंही नाही. डॉक्टरांनी ऑटोस्कोप, म्हणजे कानाच्या आत बघायचं उपकरण, कानाला लावला. पडद्याचा पुढचा, खालचा भाग वेडावाकडा फाटला होता आणि कडांना ताजं रक्त होतं. त्यांनी काही न बोलता आईकडे पाहिलं. आई खाली बघत राहिली. मग मागे उभी असलेली आजी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "अभ्यास करत नव्हता म्हणून बापानं दिली डॉक्टर. पण एकच दिली हो."

एकच दिली, हे ती खरंच दिलासा म्हणून सांगत होती.

कानाची रचना माहीत असलेल्या माणसाला ते वाक्य बोचतं, कारण एकच पुरते. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण २.५ सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. पडद्याची उंची ९-१० मिलिमीटर, जाडी अवघी ०.१ मिलिमीटर. गालावर बसलेल्या थपडेने गाल लाल होतो, कानाला सहसा काही होत नाही. पण तळहात किंचित खोलगट होऊन पूर्ण कानावर बसला, तर नळीचं तोंड क्षणभर हवाबंद होतं. सायकलच्या पंपाचं भोक अंगठ्याने दाबून दट्ट्या मारावा तशी आतली हवा कोंडते आणि तिचा सगळा जोर पडद्यावर येतो. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे आणि समोर उभे असतात, म्हणून फाटतो तो बहुधा डावा कान. विहिरीत उडी मारताना पाण्यावर आडवं आपटणं, कानावर बसलेला फुटबॉल, होळीच्या दिवसांत धावत्या लोकलवर भिरकावलेला पाण्याचा फुगा, यांतही हेच घडतं. फुगा तर लांबून येतो आणि मारणारा कधी सापडतही नाही.

फाटताना जीवघेणी कळ येते आणि थोड्या वेळात ओसरते. ही कळ ओसरणं फार फसवं आहे, कारण घरच्यांना वाटतं बरं झालं. मागे राहतो तो गच्च झालेला कान, बारीक शिट्टी, आणि नाक शिंकरलं की कानातून हवा सुटल्याचा फुस्स आवाज. अशा वेळी करायचं ते फार थोडं आहे आणि न करायचं पुष्कळ. कान कोरडा ठेवायचा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवायचा, आत खुपसायचा नाही. नाक जोराने शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. पोहणं बंद. तेल नाही, लसणीचं तेल तर मुळीच नाही, आणि डॉक्टरांनी कान पाहिल्याशिवाय दुकानातून आणलेले थेंबही नाहीत. एवढं पाळलं तर असे बहुतेक पडदे सहा-आठ आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत आपोआप भरून येतात. न भरल्यास कानाच्या वरच्या स्नायूवरच्या आवरणाचा तुकडा घेऊन पडदा शिवण्याची शस्त्रक्रिया होते. पण मार लागताच चक्कर येऊ लागली, ऐकू येणं एकदम बंद झालं किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, तर दुखापत पडद्याच्या पलीकडे गेलेली असते. मग त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

खरं कारण लपवल्याने होणारं नुकसान उपचारातही दिसतं. 'कान वाहत होता' असं सांगितलं की डॉक्टरांच्या मनात आधी जंतुसंसर्ग येतो आणि थेंब लिहून दिले जातात, नेमके तेच जे या कानात नको असतात. आणि घरात कोणी काही बोललंच नाही, तर पुढची थप्पड त्याच कानावर बसते. मुलावर हात उचलणं आपल्याकडे अजून वळण लावण्यातच मोजलं जातं. त्या बापाला मुलाचा कान फोडायचा नव्हता, यात शंका नाही. त्याच्या हाताला कानाचं अंतर माहीत नव्हतं आणि रागात ते कोणालाच राहत नाही. म्हणून कानाजवळ हात न्यायचाच नाही, याहून सौम्य भाषेत हे सांगता येत नाही.

दाबाने पडदा फाटतो तसा ओढीनेही दुखावतो. लहान मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या कानावरच जोरात पापा घेणारी माणसं प्रत्येक घरात असतात. ओठ कानाच्या भोकावर घट्ट बसले आणि हवा आत ओढली गेली, तर पडदा बाहेरच्या बाजूला खेचला जातो आणि त्याला जोडलेली तीन हाडांची साखळीही त्याच्यासोबत खेचली जाते. त्यातलं शेवटचं हाड, रिकीब, सुमारे ३ मिलिमीटरचं, शरीरातलं सर्वांत लहान. ते आतल्या कानाच्या द्रवावर टेकलेलं असतं. अमेरिकेतले श्रवणतज्ज्ञ लेव्ही रायटर यांनी अशा चुंबनानंतर आलेल्या बहिरेपणाचा आणि कानात सतत घुमणाऱ्या आवाजाचा अभ्यास केला. त्याची सुरुवात झाली ती लाडक्या मुलीने कानावर पापा घेतल्यावर ऐकू येईनासं झालेल्या एका आईपासून. मोठं माणूस निदान सांगू शकतं. पाळण्यातलं बाळ नुसतं दचकून रडतं आणि आपण त्याला पुन्हा जवळ घेतो. गालावर घ्या, कपाळावर घ्या, टाळूवर घ्या, कान तेवढा सोडा.

रात्री कानात किडा गेलेल्या माणसाची अवस्था ज्याने पाहिली आहे, तो ती विसरत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत पडद्यावर सहा पाय चालत असतात. प्रत्येक पावलाचा आवाज थेट डोक्यात. झुरळाच्या पायांवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे त्याला पुढे सरकता येतं, मागे फिरणं जमत नाही. म्हणूनच ते पडद्यापर्यंत जाऊन अडकतं. घरात जमलेल्यांपैकी कोणी विजेरी आणतो, कोणी चिमटा, कोणी केसातली पिन काढून देते. या सगळ्यापेक्षा आजीचा जुना उपाय, तेल, बरोबर आहे. किडा गेलेला कान वर येईल असं कुशीवर झोपवायचं, मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे, लहान मुलाचा खाली आणि मागे किंचित ओढायचा, आणि खोबरेल तेलाचे थेंब नळी भरेपर्यंत सोडायचे. तेल कोमट म्हणजे मनगटावर टाकून गरम न वाटणारं. कढत तेलाने नळीची नाजूक कातडी भाजते. किडा गुदमरून मरतो, वळवळ थांबते, आणि मग सकाळी डॉक्टरांकडे जाऊन तो काढून घेता येतो. कान आधीपासून वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर मात्र तेल टाकायचं नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे दोन्ही कानांत एकेक झुरळ गेलेला रुग्ण आला. एका कानात खनिज तेल घातलं, दुसऱ्यात २ टक्के लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारला. तेलातलं झुरळ मेलं आणि कसबाने काढावं लागलं. लिडोकेनच्या कानातलं तडफडत स्वतःच बाहेर पळालं. ही नोंद नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. हसू येतं खरं, पण त्या रुग्णाची ती रात्र कशी गेली असेल हेही डोळ्यांपुढे येतं.

मुलांच्या कानातून निघणाऱ्या वस्तूंत वाटाणा, हरभरा, चिंचोका, मणी, खडूचा तुकडा हे नेहमीचे. कडधान्य असेल तर पाणी अजिबात घालायचं नाही, ते फुगतं आणि नळीत घट्ट बसतं. सर्वांत वाईट म्हणजे खेळण्यातला किंवा रिमोटमधला चपटा, गोल सेल. ओलसर कातडीला लागताच त्यातून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. काही तासांत कातडी, पडदा, क्वचित हाडही जळतं. इथे तेल, पाणी, थेंब काहीही घातलं तर जळणं वाढतंच. 'उद्या सकाळी बघू' हे वाक्य या एका बाबतीत उच्चारायचंच नाही.

काड्यांबद्दल थोडंच. नळीचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा, आणि हाडावरची कातडी इतकी पातळ की जवळजवळ हाडालाच चिकटलेली. मळ तयार होतो तो बाहेरच्या भागात आणि जबड्याच्या हालचालीने, कातडीच्या सरकण्याने आपोआप बाहेर येतो. आगकाडी, हेअरपिन, स्कूटरची किल्ली, कापूस लावलेली काडी, हे सगळं तो मळ आत ढकलतं. खाज भागल्याचं सुख खरं असतं, ते नाकारून उपयोग नाही. काहींना नळीला स्पर्श होताच खोकला येतो, कारण तिथे येणारी मज्जातंतूची शाखा घशाकडे आणि छातीकडे जाणाऱ्या तंतूचीच असते. जखम मात्र खाजवण्याने क्वचितच होते. ती होते शेजारून धावत गेलेल्या मुलाचा कोपराला धक्का लागल्याने, दार उघडल्याने, फोन वाजल्याने. काडी पडद्यातून आरपार जाते आणि मागच्या बाजूची हाडांची साखळी निखळते. रिकीब आत दाबलं गेलं तर खोली गरगर फिरते, उलट्या होतात, आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं.

आता कानाच्या बाहेरच्या पाकळीकडे. कोल्हापूरच्या तालमींत वस्तादांचे कान बघावेत. गंगावेश असो, मोतीबाग असो, शाहूपुरी असो, लाल मातीत वर्षं घालवलेल्या पैलवानाच्या कानाच्या घड्या भरून गेलेल्या असतात आणि कान आखडून कडक झालेला असतो. गावाकडच्या मैदानात अनोळखी गडी उतरला की लोक त्याच्या मांड्यांआधी कान बघतात. कान मोडलेला म्हणजे गडी मुरलेला, असा हिशोब. कोवळी पोरं त्यासाठी आसुसलेली असतात. आत घडतं ते असं. पाकळीच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. मानेला मान भिडवून खडाखडी चालते, डोकं काखेत दाबलं जातं, मातीवर घासलं जातं. त्या घर्षणाने आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मधल्या फटीत रक्त साचतं. कान फुगतो, मऊ लागतो, गरम असतो, फार दुखतही नाही. कूर्चा उपाशी राहते आणि साचलेल्या रक्ताच्या जागी आठ-दहा दिवसांत नवं, वेडंवाकडं, टणक ऊतक तयार होऊ लागतं. मग तो कान पूर्वीसारखा होत नाही.

उपाय अवघड नाही, वेळेत व्हायला हवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत, निर्जंतुक सुईने किंवा छोटा छेद घेऊन रक्त काढायचं. पण नुसतं काढलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतं, कारण सुटलेलं आवरण चिकटायला दाब लागतो. म्हणून कानाच्या पुढे आणि मागे कापसाच्या घट्ट वळकट्या ठेवून त्या आरपार टाक्यांनी बांधतात. आठवडाभर त्या तशाच राहतात आणि तोवर मातीत उतरायचं नाही. तालमीतच कुणीतरी सिरिंजने रक्त ओढतं, पोरगं संध्याकाळी पुन्हा लढतं, आणि या घाईत कित्येक कान जातात. कधी जंतू शिरून कूर्चाच विरघळते आणि पाकळी सुरकुतून बसते. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या कुस्तीत कान झाकणारं कवच घातल्याशिवाय मुलाला उतरू देत नाहीत. आपल्या मातीत ते रुजलेलं नाही. त्या मोडलेल्या कानांमागची मेहनत, पहाटेच्या जोर-बैठका, खुराकासाठी घरच्यांनी सोसलेली ओढाताण, सगळ्याबद्दल आदर आहे. तरीही पंधरा वर्षांच्या पोराने अभिमानाने फुगलेला कान दाखवला की पोटात कालवतं.

नेमकी हीच कूर्चा मुलींच्या बुगडीच्या जागी असते. बारशाच्या सुमारास सोनार टोचतो ती पाळी निव्वळ कातडी आणि चरबीची, म्हणून लवकर भरते. वरच्या कडेला टोचताना कूर्चा भेदली जाते, आणि दुकानातल्या कान टोचायच्या गनच्या झटक्याने ती तडकूही शकते. त्यात जंतू शिरले तर पाळी सोडून वरचा सगळा कान लालभडक होतो. असं दिसलं की हळद, मलम यांत दिवस न घालवता दवाखाना. पाळीचं दुखणं वेगळं. जड झुब्यांनी वर्षानुवर्षं भोक लांबत जातं आणि एक दिवस कडेवरच्या बाळाने मूठभर झुबा धरून ओढला की पाळी दुभंगते. भूल देऊन ती शिवता येते. नंतर किमान तीन महिने थांबून जुन्या व्रणाच्या बाजूला नवं भोक पाडायचं, व्रणावर नाही. लहान मुलींच्या घट्ट आवळलेल्या फिरकीकडेही लक्ष असू द्यावं, सूज आली तर ती मांसात रुतून दिसेनाशी होते.

आता कानाच्या वर, डोक्याकडे. बाळाला वर उडवून झेलणाऱ्या बापाच्या डोक्यावर पंखा असतो.

घरातला नेहमीचा छताचा पंखा १२०० मिलिमीटरचा, मिनिटाला साधारण ३५० ते ४०० फेरे घेणारा. पात्याच्या टोकाचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास भरतो आणि फिरताना ते टोक दिसत नाही. चाळीतल्या किंवा जुन्या घरातल्या बुटक्या खोलीत पंखा सात-साडेसात फुटांवर आलेला असतो. साडेपाच फुटी माणसाचा खांदा साडेचार फुटांवर, त्यावर बसलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाचं डोकं साडेसहा फुटांच्या आसपास, आणि मूल आनंदाने उसळलं की हिशोब संपला. पोटमाळ्यावरून किंवा दुमजली पलंगावरून उठणारी मुलंही याच रेषेत येतात. पात्याची कड बारीक, म्हणून केसात जखम दोन टाक्यांची दिसते, पण तिच्याखाली कवटीचा तुकडा आत दबलेला असू शकतो. पंखा लागलेल्या मुलाला टाके घालून घरी पाठवण्याआधी सीटी स्कॅनबद्दल विचारावंच. आणि वाटेत जखमेवर जोरात दाबू नये, स्वच्छ कापड हलकं धरावं.

नारळाचं तसंच. २०१० साली ओबामा मुंबईत येण्याआधी मणिभवन या गांधी संग्रहालयाच्या आवारातल्या माडांवरचे नारळ उतरवून घेतले होते, तेव्हा अनेकांना गंमत वाटली. कोकणात कोणाला वाटली नसेल. सोडणासकट भरलेला नारळ किलो-दीड किलोचा, वीस मीटरवरून सुटला तर खाली येईपर्यंत ताशी ७० किलोमीटरचा वेग घेतो. पीटर बार्स या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीतल्या एका रुग्णालयाचा चार वर्षांचा हिशोब १९८४ साली मांडला, त्यात दुखापतीने दाखल झालेल्यांपैकी २.५ टक्के माणसं नारळ पडून जखमी झालेली होती. माडाखाली बाळाची झोळी बांधत नाहीत, गुरं बांधत नाहीत, ते यासाठीच. मुंबईतल्या सोसायट्यांनी माड राखले, ही चांगली गोष्ट. नारळ वेळेवर पाडून घेण्याची शिस्त मात्र मागेच राहिली.

शेतातलं एकच सांगतो. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणी यंत्राचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पेंढ्या देताना वाकलेल्या बाईची दोन फुटांची वेणी त्यावर पूर्ण गुंडाळायला एक सेकंदही लागत नाही. डोक्याची कातडी कवटीवर एका सैल थरावर बसलेली असते, त्या थरातून ती भुवयांपासून मानेपर्यंत अखंड निघून येते, कधी कानाचा भाग घेऊन. रक्त फार जातं, कारण टाळूतल्या रक्तवाहिन्या तुटल्यावर आखडत नाहीत. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं, यंत्र थांबवून निघालेली कातडी केसांसकट मिळवायची, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फाला थेट लावायची नाही, पाण्यात बुडवायची नाही. सूक्ष्म शस्त्रक्रियेने एखादी धमनी आणि शीर नीट जोडली गेली तरी अख्खी टाळू पुन्हा जगू शकते. शाफ्टवरची जाळी काढून ठेवायची नाही, अंबाडा घट्ट रुमालाखाली बांधायचा, पदर कमरेला खोचायचा. हंगाम तोंडावर असला तरी.

डोक्याला लागलेलं कधीकधी कानातूनच कळतं. माणूस दुचाकीवरून किंवा दहीहंडीच्या थरावरून पडतो, उठून बसतो, बोलतो, आणि कानातून थोडं रक्त येतं. घरचे म्हणतात, कानाला लागलंय. पण कान ज्या हाडात बसला आहे तेच तडकलं असू शकतं. रक्तासोबत पाण्यासारखं पातळ काही येत असेल, पांढऱ्या कापडावर रक्ताच्या डागाभोवती फिकट कडं उमटत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असण्याची शक्यता आहे. कानात बोळा कोंबायचा नाही, धुवायचा नाही, थेंब घालायचे नाहीत. बाहेर सैल स्वच्छ कापड ठेवायचं. कानामागे निळसर डाग एक-दोन दिवसांनीही उमटतो. कानशिलाजवळची कवटी पातळ असते आणि तिच्या आतून धमनी जाते. ती फाटली तर माणूस तासन्‌तास बरा वाटून मग अचानक ढासळतो. वाढती डोकेदुखी, उलट्या, झोपेतून नीट न उठणं, बोलण्यात गोंधळ, एक बाहुली मोठी दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्रीचे किती वाजले हे बघायचं नाही. आणि डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन लिहून दिला, तर 'आम्ही कानाचं दाखवायला आलो होतो' म्हणून तो टाळायचा नाही.